कचेरीतून चाकाकडे

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी, ही जीवनमार्गांची उतरंड मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या ऐकू येत आली आहे. ‘उतरंड’ हा शब्द मूळचा मडक्यांचा. मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर त्याहून लहान, अशी जी रास घराच्या कोपऱ्यात रचलेली असे, तिला उतरंड म्हणत. परंतु ह्या म्हणीच्या उतरंडीत ती मडकी घडविणाऱ्या कुंभाराला मात्र कोठेच जागा नाही. शेतकरी आला, व्यापारी आला, अगदी शेवटी का होईना पण नोकरदारही आला. हाताने वस्तू घडविणारा कारागीर गणतीतच धरला गेला नाही.

वऱ्हाडात तर ह्या म्हणीचा क्रमही कालांतराने उलटला. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६७ साली रेल्वे नागपूरपावेतो पोहोचली. आणि अमरावती व अकोला ही शहरे कापसाच्या पेठा म्हणून भरभराटीस आली. कापसाबरोबर जिन आले, पेढ्या आल्या, कचेऱ्या आल्या. पावसाच्या लहरीवर आणि कापसाच्या भावावर हेलकावे खाणाऱ्या ह्या प्रांतात महिन्याच्या ठरल्या तारखेस हाती पडणारा पगार हीच सर्वांत भरवशाची जमीन ठरली. यास्तव आज अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या सुशिक्षित घरातील मिळवता मुलगा अथवा मुलगी ‘नोकरी सोडून पूर्ण वेळ कुंभारकाम करणार’ असे म्हणू लागते, तेव्हा घरातील वडील माणसे दचकतात ह्यात नवल नाही. आयुष्याची माती करून घेणे, हा वाक्प्रचार अशा वेळी कोणाच्या तरी तोंडी हमखास येतो.

तथापि हा विचार आता अगदीच विरळा राहिलेला नाही. मोठ्या शहरांतून मातीकामाचे वर्ग चालतात. दिवसभर संगणकासमोर बसणारी माणसे सुटीच्या दिवशी तेथे जाऊन चाकावर हात बसवू पाहतात. आणि त्यांतील एखाद्याच्या मनात हीच हौस चरितार्थाचे साधन होईल काय, असा प्रश्न उभा राहतो. ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ उत्साहाने देऊन भागत नाही, तसेच ते केवळ भीतीनेही देऊ नये. माती, चाक, भट्टी आणि बाजार ह्या चार ठिकाणी नेमके काय घडते, हे वऱ्हाडापुरते समजून घेतले म्हणजे निर्णय कोणताही झाला तरी तो डोळस होईल.

ह्या वाटेने पूर्वी गेलेल्यांत जगभर सर्वाधिक प्रसिद्धी पावलेले नाव बर्नार्ड लीच ह्या इंग्रज कुंभाराचे आहे. त्याचा जन्म १८८७ साली हाँगकाँग येथे झाला. चित्रकलेची ओढ असूनही तरुणपणी तो लंडनमध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेत नोकरीस लागला. आकड्यांत त्याचे मन रमले नाही व काही महिन्यांतच त्याने ती नोकरी सोडली. परंतु बँक सोडून तो थेट चाकावर बसला, असे मात्र घडले नाही. आधी त्याने चित्रकलेचे शिक्षण पुरे केले. १९०९ साली तो जपानला गेला. १९११ साली टोकियोत मित्रांच्या एका मेळाव्यात पाहुण्यांनी कच्च्या भाजलेल्या भांड्यांवर चित्रे काढावी आणि ती भांडी तेथल्या तेथे लहान भट्टीत भाजून मिळावी, अशी योजना होती. आपण रंगविलेले भांडे लालबुंद होऊन भट्टीबाहेर येताना त्याने पाहिले आणि तेव्हाच त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. मग त्याने गुरू शोधला. ओगाता केन्झान ह्या प्रख्यात कुंभार परंपरेचा सहावा वारस तेव्हा वृद्धावस्थेत होता. त्याच्यापाशी लीच शिकला. इंग्लंडात सेंट आयव्ह्‌ज येथे त्याने स्वतःची कार्यशाळा घातली ती १९२० साली, शोजी हामादा ह्या जपानी मित्राच्या साहाय्याने. म्हणजे पहिल्या भांड्यापासून स्वतःच्या भट्टीपर्यंत नऊ वर्षे गेली. तेथील पहिली भट्टीदेखील समाधानकारक ठरली नाही; मात्सुबायाशी ह्या जपानी तज्ज्ञाकडून ती पुन्हा बांधून घ्यावी लागली. पैशाची ओढाताण तर पुढे कित्येक वर्षे संपली नाही.

भारतातील असेच एक नाव सरदार गुरचरण सिंग ह्यांचे. १८९६ साली जन्मलेले हे गृहस्थ भूगर्भशास्त्र शिकले होते. दिल्लीतील एका वीटभट्टीवाल्या कंत्राटदाराने त्यांना १९१९ साली जपानला पाठविले. तेथे लीच, हामादा आणि त्यांचे स्नेही ह्यांची संगत त्यांना लाभली. दिल्लीत अब्दुल्ला नावाच्या परंपरागत पठाण कारागिराकडून त्यांनी निळ्या झिलईच्या भांड्यांची विद्या मिळविली. पुढची बरीच वर्षे सरकारी नोकरीत गेली आणि ‘दिल्ली ब्लू’ ह्या नावाने पुढे गाजलेली त्यांची स्वतःची कार्यशाळा उभी राहिली ती १९५२ साली, जेव्हा नोकरीचा काळ मागे पडला होता. ह्या दोन्ही चरित्रांत एक गोष्ट समान आढळते. सुशिक्षित मनुष्य मातीकडे वळला, तेव्हा त्याने प्रथम घराण्याने कुंभार असलेल्या माणसाचे पाय धरले. पुस्तके पुढे आली. लीचचे प्रसिद्ध पुस्तक १९४० सालचे आहे, म्हणजे मातीला हात लावल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी लिहिलेले.

वऱ्हाडाच्या शेजारीही अशा माणसांची परंपरा आहे. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली सेवाग्रामला नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि तेथे मुलांच्या शिक्षणात त्यांनी मातीकामाला मानाचे स्थान दिले. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा ह्या गांधीविचाराच्या कार्यकर्त्यांनी ग्रामोदय संघाच्या द्वारे कुंभारकामाचे केंद्र उभारले. पुण्याच्या निर्मला पटवर्धन ह्यांनी झिलईच्या रसायनांवर आयुष्यभर प्रयोग केले आणि कुंभारांसाठी लिहिलेले त्यांचे इंग्रजी हस्तपुस्तक १९८४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा सुशिक्षिताने मातीत हात घालणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. मात्र ज्याला अमरावतीस किंवा अकोल्यास राहूनच हा व्यवसाय करावयाचा आहे, त्याची पहिली गाठ पडते ती वऱ्हाडच्या काळ्या मातीशी.

ही माती कापसाला माउली आहे. कुंभाराला मात्र ती सावत्र आई. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ती बनली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळताना तितकेच आक्रसतात. उन्हाळ्यात वऱ्हाडच्या शेतांना ज्या हातभर खोल भेगा पडतात त्या ह्याच गुणामुळे. जी माती शेतात भेगाळते ती मडक्याच्या अंगातही भेगाळणारच. म्हणून कुंभार निव्वळ काळी माती कधी घेत नाही. तो नदीकाठचा किंवा तळ्याचा गाळ आणतो. तो वाळवून कुटतो, चाळतो. त्यात बारीक रेती, राख, घोड्याची लीद असे पदार्थ मिसळतो. रेतीमुळे आक्रसणे कमी होते. लिदीतील बारीक काड्या कच्च्या मडक्याला आतून धरून ठेवतात आणि भट्टीत जळून गेल्यावर सूक्ष्म पोकळ्या मागे ठेवतात. ह्या पोकळ्यांचे महत्त्व पुढे माठाच्या प्रसंगी दिसेल.

दुसरा शत्रू चुनखडीचा. काळ्या मातीत चुन्याचे पांढुरके खडे सर्वत्र आढळतात. असा ज्वारीच्या दाण्याएवढा खडा मडक्याच्या भिंतीत राहून गेला आणि मडके कडक भाजले, तर त्या खड्याची भट्टीत कळीचा चुना होतो. मडके बाहेर येते तेव्हा निर्दोष दिसते. परंतु पुढे हवेतील ओलावा पिऊन तो चुना फुगतो आणि मडक्याचा पापुद्रा उडवून देतो. गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर आठवड्याने माठ फुटतो, आणि विकणाऱ्याला कारण उमगत नाही. तिसरी अडचण खाराची. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथील जमिनीत आणि विहिरींच्या पाण्यात क्षार पुष्कळ असतात. अशा मातीचे, किंवा अशा पाण्याने मळलेल्या मातीचे भांडे वाळताना त्यावर पांढरी बुरशी आल्यासारखा क्षार फुटतो.

येथे एक मर्माची गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुस्तकी शिक्षण घेऊन आलेल्या माणसाला वाटते, गावचा कुंभार भट्टी पुरेशी तापवीत नाही, म्हणून त्याची मडकी कच्ची राहतात. उष्णता वाढविली की माल सुधारेल. वस्तुतः मातीतील चुनखडीचा चुना होऊ लागतो तो साधारण ७५० अंशांच्या पुढे, आणि ८५० ते ९०० अंशांच्या सुमारास ती क्रिया पुरी होते. त्या मर्यादेच्या आसपास हात आखडून भट्टी भाजणारा कुंभार अडाणी नसतो. आपल्या मातीचा स्वभाव तो जाणत असतो. चिनी मातीच्या कपबशांसारखी टणक भांडी करावयाची तर १२०० अंशांच्या वरची उष्णता लागते आणि तेथे काळ्या मातीचे भांडे टिकत नाही, ते वितळून बसते. त्यासाठी माती बाहेरून आणली पाहिजे. चंद्रपूरकडील कोळशाच्या पट्ट्यात अशी उष्णता सोसणारी माती सापडते. तेव्हा वऱ्हाडात कुंभार होऊ इच्छिणाऱ्याला आरंभीच एक निवड करावी लागते: गावच्या मातीचे, कमी आचेचे, रोजच्या वापराचे भांडे घडवावयाचे, की बाहेरची माती, झिलई व गॅसची अथवा विजेची भट्टी घेऊन नव्या धर्तीचा माल काढावयाचा. पहिल्यास भांडवल थोडे लागते पण गुरुवाचून चालत नाही. दुसऱ्यास पुस्तके उपयोगी पडतात पण भांडवल बरेच लागते.

माती सिद्ध झाल्यावर चाक. पाहणाऱ्याला चाकाचे काम जादूसारखे भासते, कारण कुंभाराच्या हातातील प्रयत्न दिसेनासा झालेला असतो. मातीचा गोळा फिरत्या चाकाच्या नेमक्या मध्यावर आणणे ही पहिली विद्या. गोळा केसभर जरी बाजूस राहिला, तरी भिंत वर चढता चढता डगमगू लागते आणि अखेर कोसळते. केवळ ह्या एका क्रियेसाठी नवशिक्याचे आठवडेच्या आठवडे जातात. आता विजेवर चालणारी चाके आली आहेत आणि २०१८ पासून खादी व ग्रामोद्योग आयोगाने कुंभारांना अशी चाके देण्याची योजनाही चालविली. त्यामुळे काठीने जड चाक फिरविण्याचे खांदेतोड श्रम वाचतात. मध्य साधण्याची विद्या मात्र हातानेच शिकावी लागते.

शिवाय पाण्याचा माठ चाकावर पुरा होतच नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चाकावर गळा व काठ तयार होतो, आणि खालचा भाग जाडच ठेवून दोऱ्याने कापून घेतात. मग तो अर्धवट सुकला म्हणजे आतून दगडाचा गुळगुळीत गोळा धरावयाचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हळूहळू ठोकीत जावयाचे. ठोकता ठोकता जाड बूड पातळ होते, पसरते आणि माठाला त्याचा गोल घेर येतो. ही ठोक फार ओल्या मातीवर चालत नाही आणि फार सुकल्या मातीवरही चालत नाही. ती वेळ घड्याळाने ठरत नाही. वैशाखात ती तासाभरात निघून जाते आणि आषाढात दोन दोन दिवस येत नाही. कचेरीतील काम साडेपाचला टेबलावर ठेवून सकाळी पुन्हा हाती घेता येते. अर्धवट सुकलेला माठ मात्र सकाळपर्यंत वाट पाहत नाही. नोकरी सोडून स्वातंत्र्य मिळेल, ह्या अपेक्षेने जो इकडे येतो, त्याने हे आधीच समजून असावे की येथे एका साहेबाच्या जागी ऊन, वारा आणि दमट हवा असे तीन साहेब बसलेले आहेत आणि त्यांच्यापाशी रजेचा अर्ज चालत नाही.

चाकानंतर भट्टी. वऱ्हाडात पारंपरिक भट्टी रचताना शेणाच्या गोवऱ्या, लाकूड, पऱ्हाट्या, तुराट्या असे जे सरपण हंगामात मिळेल ते थरांत घालतात. मधे मडकी लावतात. वरून फुटकी खापरे, काडीकचरा व राख ह्यांनी झाकतात. आरंभी आच अगदी मंद असावी लागते, कारण वाळलेल्या दिसणाऱ्या मडक्यातही ओलावा दडलेला असतो. त्याची एकदम वाफ झाली तर मडके स्फोट होऊन फुटते आणि शेजारच्या चारांना घेऊन जाते. पुढे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांतच बांधलेले पाणी निघून जाते. येथपर्यंतचे मडके पाण्यात टाकले तर त्याचा पुन्हा चिखल होतो. येथून पुढचे मडके कधीच चिखल होत नाही. त्याच टप्प्यात, ५७३ अंशांना, रेतीतील गारेचे कण एकाएकी किंचित फुगतात आणि निवताना त्याच अंशाला पुन्हा आक्रसतात. म्हणून भट्टी घाईने तापविणे जितके वाईट तितकेच ती घाईने उघडणेही वाईट.

भट्टीत हवा खेळती राहिली तर मातीतील लोहाचा गंज होऊन मडके तांबडे येते. हवा कोंडून धूर धरला तर तेच मडके काळे येते. ही विद्या ह्या प्रदेशात फार जुनी आहे. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेल्या कौंडिण्यपूर येथे १९६२ ते १९६४ ह्या काळात डॉ. मोरेश्वर दीक्षित ह्यांनी उत्खनन केले, त्यात आतून काळी व बाहेरून तांबडी अशी प्राचीन खापरे मिळाली. एकाच भांड्याला दोन रंग आणावयाचे तर हवा कोठे लागू द्यावी आणि कोठे कोंडावी, ह्यावर ताबा असावा लागतो. ज्यांनी ही भांडी भाजली त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. त्यांचा हात मात्र खापरावर स्पष्ट दिसतो.

आता बाजाराचा विचार करावयाचा तर वऱ्हाडात त्याचा आरंभ माठापासूनच केला पाहिजे. अकोल्यास मे महिन्यात उष्णता ४५ अंशांच्या घरात जाते आणि हवा अत्यंत कोरडी असते. अशा हवेत माठ आपले काम सर्वांत चांगले करतो. त्याच्या अंगातील सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी बाहेर झिरपते आणि त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती आतल्या पाण्यातून घेतली जाते. बाहेरून आत शिरणारी उष्णता सोडून दिली, तर दहा लिटर पाणी दहा अंशांनी थंड होण्यास अवघे पावणेदोनशे ग्रॅम पाणी वाफ होऊन जाणे पुरे होते. ह्यासाठी माठ सच्छिद्र हवा. म्हणजे तो फार कडक भाजलेला नको आणि त्यात लिदीने सोडलेल्या पोकळ्या हव्यात. वर ज्या मंद आचेला पुस्तकी मनुष्य दोष देतो, तीच माठाला गार ठेवते.

परंतु माठाचा हंगाम लहान. फाल्गुनापासून वैशाखाच्या अखेरीपर्यंत काय विकेल ते विकेल. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात, तेव्हा मागणी शिगेस पोहोचते. पावसाळ्यात मडके वाळत नाही, सरपण ओले असते, माठ कोणी घेत नाही. तेव्हा कुंभार पोळ्याचे मातीचे बैल करतो. भाद्रपदात गणपती येतो, आणि ज्येष्ठा गौरी, ज्यांना वऱ्हाडात महालक्ष्म्या म्हणतात, त्यांची तयारी सुरू होते. त्यामागून मुली भुलाबाईची गाणी म्हणू लागतात, तेव्हा भुलाबाई-भुलोजीची मातीची मूर्ती लागते. नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या, संक्रांतीला सुगडे. असा हा कुंभाराचा पंचांग आहे. पगार दर महिन्याला सारखा येतो. येथील उत्पन्न दोन-तीन महिन्यांत येते आणि बारा महिने पुरवावे लागते. एके काळी बलुत्याच्या रूपाने गावाकडून वर्षाचे धान्य कुंभाराला मिळे. ती व्यवस्था मोडली, आणि पितळ, ॲल्युमिनियम, प्लास्टिक व शीतकपाट एकामागून एक येत गेले. घरांवरील देशी कवेलू जाऊन पत्रा व सिमेंट आले, तेव्हा कुंभाराचे आणखी एक उत्पन्न गेले.

मग कचेरीतून येणाऱ्या माणसापाशी असे काय आहे, की त्याने ह्या खालावलेल्या धंद्यात पाऊल टाकावे? एक गोष्ट निश्चित आहे: त्याला हिशेब येतो. जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस. मुंबईतील व्यवसाय सोडून ते गांधीजींच्या कार्यात आले आणि १९३४ साली वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा भार त्यांनी उचलला. त्यांनी चाक किंवा चरखा चालविण्यात नाव मिळविले नाही. हातकामाचा खरा खर्च आणि खरे मोल मांडून दाखविणे ही त्यांची देणगी होती. तीच दृष्टी येथे लागते. समजा, शंभर माठ घडविले. वाळताना पाच तडकले, भट्टीत दहा गेले, बाजारात नेता-आणता पाच फुटले, तर विकावयास ऐंशी उरले. शंभरांची माती, सरपण आणि श्रम त्या ऐंशींवर बसविले पाहिजेत. म्हणजे एका माठामागील खर्च सव्वापट झाला. शिवाय पावसाळ्यातील रिकामे महिने, चाकाची दुरुस्ती, जागेचे भाडे आणि आजारपण ह्यांचाही वाटा त्यात येतो. पगारदार माणूस रजेतही पगार घेत असतो, म्हणून हे खर्च त्याच्या डोळ्यांपुढे कधी आलेले नसतात. निदान एका वर्षाच्या घरखर्चाची तरतूद आणि नोकरीत असतानाच सुटीच्या दिवशी गुरूपाशी घालविलेले दोन उन्हाळे, एवढे गाठीस असल्याखेरीज राजीनामा देणे म्हणजे कच्चे मडके घेऊन विहिरीत उतरणे होय.

आणि ह्या हिशेबात एक रकमेची बाजू अशीही आहे, की जी वहीत लिहिली जात नाही. बाजारात दोन भांडी शेजारी शेजारी ठेवलेली असावीत. एक कुंभारवाड्यातील वृद्ध कारागिराचे, दुसरे नोकरी सोडून आलेल्या सुशिक्षिताचे. दुसऱ्याच्या भांड्याला अधिक किंमत येते. त्याच्यामागे एक कहाणी आहे, बोलण्यात सफाई आहे, ओळखीची घरे आहेत. वृद्धाच्या माठाची मात्र पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस होते. सुशिक्षिताने मातीत हात घातला की त्याला धैर्य म्हणतात; कुंभाराच्या मुलाने तेच केले तर त्याला दुसरे काही जमले नाही असे म्हणतात. लीचचा स्नेही यानागी ह्याने आयुष्यभर सांगितले, की रोजच्या वापराची, नाव नसलेल्या कारागिरांनी केलेली भांडीच खरी सुंदर. हे सांगणाऱ्यांची नावे जगभर झाली. ज्यांच्याविषयी सांगितले ते निनावीच राहिले.

ह्यात नव्याने येणाऱ्याचा दोष नाही, पण त्याच्यावर एक ऋण मात्र चढते. कुंभाराचा मुलगा आज कचेरीची वाट धरीत असेल तर तो योग्यच करीत आहे. त्याच्या बापजाद्यांना ती वाट खुली नव्हती. कचेरीतील मनुष्य चाकाकडे येतो तेव्हा त्याच्या मागे परतीची वाट बहुधा उघडी असते. एकाची निवड आणि दुसऱ्याची अपरिहार्यता ह्यांतले हे अंतर विसरून चालत नाही. जो गुरूकडून मातीची विद्या घेतो, त्याने गुरूचे नाव आपल्या मालाबरोबर सांगावे, आपल्या गिऱ्हाइकाला त्याच्या दारापर्यंत न्यावे, आणि किमतीचा जो हिशेब आपल्याला येतो तो त्यालाही शिकवावा. एवढे झाले तर हा व्यवहार दोघांच्याही लाभाचा ठरेल.

वऱ्हाडला मातीच्या भांड्याचा मान नवा नाही. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर १९०५ साली घर सोडून निघाले, तेव्हा एक मातीचे गाडगे एवढेच भांडे त्यांच्यापाशी होते. तेच जेवणाचे ताट, तेच पाण्याचे पात्र. त्या गाडग्यावरून लोकांनी त्यांना गाडगेबाबा म्हटले, आणि आज अमरावतीचे विद्यापीठ त्याच नावाने ओळखले जाते. ज्या विद्यापीठाची पदवी घेऊन वऱ्हाडातील तरुण कचेरीत जातात, त्या पदवीवर एका गाडग्याचे नाव छापलेले असते.

कुंभारकामाची कसोटी कशी असते, हे संत गोरोबाकाकांच्या कथेत महाराष्ट्राने फार पूर्वीच ऐकले आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर गावच्या ह्या कुंभाराला संतांच्या मेळाव्यात सांगण्यात आले, की ह्यांतील पक्के मडके कोणते व कच्चे कोणते ते पारखून सांगा. त्यांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकीत गेले. बाकीचे शांत राहिले. नामदेव तेवढे कुरकुरले, आणि गोरोबाकाकांनी त्यांना कच्चे ठरविले. ही कथा सांगताना पुष्कळदा येथेच थांबतात. पण ती येथे संपत नाही. नामदेव रागावून परत फिरले तरी पुढे गुरूच्या शोधात निघाले आणि विसोबा खेचरांच्या चरणी गेले. कच्चे मडके फेकून देण्याजोगे नसते. त्याला अजून आच लागलेली नसते, इतकेच. कचेरी सोडून चाकाकडे निघालेल्या माणसाने कुंभारवाड्यात पहिल्या दिवशी जाताना राजीनाम्याचा कागद घरीच ठेवावा. तेथील म्हाताऱ्याच्या थापटण्याखाली काही महिने निमूट बसावे, आणि मग तो कागद पुन्हा हाती घ्यावा.